आला आणि वटला

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका जुन्या अडत पेढीचा सारा हिशेब आता संगणकावर असतो. तरीही पेढीचे वडीलधारे, ज्यांना घरात आणि यार्डात सारेच ‘अण्णा’ म्हणतात, स्वतःची एक लाल वही अजून हाताने लिहितात. या वहीत आलेल्या धनादेशांसाठी पूर्वी एकच रकाना होता : ‘आला’. २०२५ च्या उन्हाळ्यापासून त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखलेला दिसतो : ‘वटला’. दोन्ही शब्द नित्याचे आहेत, आणि पन्नास वर्षे व्यापार केलेल्या माणसाला त्यांतला फरक ठाऊक नव्हता असेही नाही. परंतु ठाऊक असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत अंतर पडते. ते किती महागात पडू शकते, हे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अण्णांना एका रात्रीत अनुभवावे लागले.

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. सोमवारी सकाळी शिरोळ तालुक्यातील एका मसाला कारखानदाराचा ४,६०,००० रुपयांचा धनादेश पेढीवर आला. या गृहस्थांशी पेढीचा बावीस वर्षांचा व्यवहार. थोरल्या मुलाने धनादेश लगेच बँकेत भरला आणि सायंकाळी मोबाइलवर खाते पाहून सांगितले, “अण्णा, चार साठ आलेले दिसतात.” दिसत होते ते खरे, पण रकमेपुढे बारीक अक्षरांत ‘वसुलीत’ असे लिहिले होते, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्याच वेळी मिरज तालुक्यातील एक शेतकरी आपल्या हळदीची हिशेबपट्टी घेऊन समोर बसले होते. त्यांना ३,८५,००० रुपये यायचे होते. मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आलेले. सराफ आणि मंडपवाला यांना शब्द दिलेला. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, म्हणून रोखीचा प्रश्न नव्हता. थेट खात्यावर पाठवण्याचा पर्याय होता. पण हाती कागद घेऊन घरी जाण्यात जे समाधान असते ते त्या गृहस्थांना हवे होते. अण्णांनी धनादेश लिहिला, सही केली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन केला. “उद्या सकाळीच भरतो,” असे म्हणून ते समाधानाने गेले. पेढीच्या खात्यात त्या क्षणी स्वतःची म्हणावी अशी शिल्लक होती १,१०,००० रुपये.

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास बँकेतून दूरध्वनी आला. मसाला कारखानदाराचा धनादेश परत आला होता. सोबतच्या परतीच्या चिठ्ठीवर कारण क्रमांक ०१ : खात्यात अपुरी शिल्लक.

इथे क्षणभर थांबून धनादेश म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. कारण ज्या वस्तूला हात लावल्यावाचून व्यापारी घराचा दिवस जात नाही, तिच्याकडेच पुष्कळदा नीट पाहिले जात नाही. धनादेश हा पैसा नव्हे. तो एक लेखी हुकूम आहे. खातेदार आपल्या बँकेला लिहितो की, अमुक व्यक्तीला अथवा तिच्या आदेशानुसार अमुक इतकी रक्कम मागताक्षणी द्यावी. यात तीन पक्ष असतात : लिहून देणारा, त्याची बँक आणि ज्याला रक्कम मिळायची तो. आपल्याकडे या साऱ्याचा आधार १८८१ चा ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’ हा आहे. त्याच्या व्याख्येनुसार धनादेश ही एका विशिष्ट प्रकारची हुंडीच आहे : बँकेवर काढलेली आणि मागताक्षणी देय असणारी. हुकूम पाळण्यास बँक बांधलेली आहे, पण हुकूम देणाऱ्याच्या खात्यात तेवढी रक्कम असेल तरच. तोवर त्या कागदाची किंमत त्यावर सही करणाऱ्याच्या पतीइतकीच.

व्यापारी घराण्यांना ही कल्पना परकी नाही. आपल्या पणजोबांच्या काळी दर्शनी हुंडी होती, जी दाखवताच रक्कम द्यावी लागे; आणि मुदती हुंडी होती, जिची रक्कम ठरलेल्या दिवसांनी देय होई. अठराव्या शतकात मुर्शिदाबादच्या जगतशेठ घराण्याच्या हुंड्यांवर बंगालचा महसूल दिल्लीपर्यंत पोहोचत असे. एका गावच्या शेठजींच्या दोन ओळी शेकडो कोसांवरच्या पेढीवर सिकारल्या जात, त्या केवळ त्यांच्या अक्षराला पत होती म्हणून. रकमेत फेरफार होऊ नये यासाठी हुंडीत रक्कम लिहून वर तिची निम्मी आणि तिची दुप्पट असेही नमूद करण्याची रीत होती. आज आपण रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहितो, ती त्याच सावधपणाची धाकटी बहीण. दोहोंत फरक पडल्यास कायदा अक्षरी रक्कम प्रमाण मानतो, आणि बँक बहुधा असा धनादेश परतच पाठवते.

शहाजोग हुंडी ही तर अधिकच शहाणपणाची सोय होती. तिची रक्कम कोणाही आणणाऱ्याला मिळत नसे. बाजारातील एखाद्या प्रतिष्ठित ‘शहा’च्या मार्फतच मिळे, म्हणजे पुढे लबाडी निघाली तर जाब विचारायला कोणीतरी ठाव असे. धनादेशाच्या डाव्या कोपऱ्यात आपण दोन तिरप्या समांतर रेघा ओढतो, त्यांचे कार्य हेच. अशा रेखांकित धनादेशाची रक्कम खिडकीवर रोख मिळत नाही; ती कोणत्या तरी बँकेच्या मार्फत खात्यातच जमा व्हावी लागते. आजच्या बाजारातला ‘शहा’ म्हणजे ती बँक. रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिले म्हणजे ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात रक्कम जावी, असे बंधन आणखी पक्के होते. अण्णांचे वडील हुंडीच्या शेवटच्या काळातले. ते मुलाला सांगत, “आपल्या सहीचा कागद घराबाहेर पडला की तो आपल्या मुलीसारखा. सासरी त्याचा मान राहील एवढी तरतूद आधी करून ठेवावी.”

मंगळवारी दुपारी अण्णांना नेमके तेच वाक्य आठवले. कारण त्यांच्या सहीचा एक कागद घराबाहेर पडलेला होता आणि त्याची तरतूद नाहीशी झाली होती.

तो कागद त्या क्षणी कुठे असेल, हे थोरल्या मुलाने सांगितले. पूर्वी धनादेश पोत्यांत भरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेले जात आणि परगावचा धनादेश वसूल होण्यास आठवडे लागत. २००८ साली दिल्लीत आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर आलेल्या व्यवस्थेत कागद भरणा झालेल्या बँकेतच थांबतो. प्रवास करतात ती त्याची चित्रे आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवरील आकडे. ती पट्टी मोकळी ठेवायची असते, कारण तिथे चुंबकीय शाईने छापलेले अंक यंत्र वाचते : सहा अंकी धनादेश क्रमांक, मग नऊ अंकी संकेतांक, ज्यातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. चित्र पैसे देणाऱ्या बँकेसमोर येते. ती सही, तारीख, रक्कम आणि शिल्लक पाहते आणि होकार वा नकार कळवते. नकाराची मुदत बहुधा दुसऱ्या दिवशीची असे. सोमवारी भरलेला कारखानदाराचा धनादेश मंगळवारी दुपारी परतला तो असा. मंगळवारी सकाळी शेतकऱ्याने भरलेल्या धनादेशाचे चित्र त्याच वाटेने अण्णांच्या बँकेकडे निघाले होते, आणि बुधवारी त्यावर हो किंवा नाही म्हणावे लागणार होते. मध्ये होती ती एक रात्र. कमी पडत होते २,७५,००० रुपये.

थोरला मुलगा व्यवहारी होता. तो म्हणाला, “अण्णा, बँकेला पेमेंट थांबवायला सांगू. नाहीतर परत जाऊ दे. आठ दिवसांत त्यांना आरटीजीएसने पाठवू. एवढे काय त्यात? आपलाही परतच आलाय की.”

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “परतला म्हणून आपण परतवायचा, त्यांनी मग सराफाचा परतवायचा. मुलीचं लग्न आहे त्यांच्या. ही साखळी कुणाच्या दारात जाऊन थांबणार, ते तरी सांग.”

मुलाच्या सूचनेत कायद्याचाही धोका होता. पेमेंट थांबवण्याची सूचना ही धनादेश हरवला, चोरीस गेला किंवा व्यवहारच फसला अशा प्रसंगांसाठी आहे. खात्यात पैसे नाहीत हे झाकण्यासाठी ती दिली, तर तीही अनादराच्या कलमातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पण अण्णांचा विचार कायद्यापाशी थांबलेला नव्हता. पेढीच्या स्थापनेपासून तिच्या सहीचा एकही कागद परत आलेला नव्हता. ही गोष्ट कोणत्याही पाटीवर लिहिलेली नव्हती, परंतु यार्डातील प्रत्येक शेतकरी ती जाणून होता.

त्या रात्री जेवणानंतर अण्णांनी सारी हकिकत घरात सांगितली. असे ते सहसा करत नसत. घरात ज्यांना सारे ‘अक्का’ म्हणतात त्या त्यांच्या पत्नीने ऐकून घेतले, उठून कपाटातून एक पावती आणली आणि पुढ्यात ठेवली. दोघांच्या नावावर ३,५०,००० रुपयांची मुदत ठेव होती. नातीच्या पुढील शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली. “मोडू नका,” त्या म्हणाल्या, “हिच्यावर कर्ज मिळतं ना? उद्या दार उघडायच्या आधी बँकेत जाऊन बसा.” नात शेजारीच बसली होती. ती वाणिज्य शाखेत शिकत होती. तिने हिशेब केला : ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज मिळाले तर ३,१५,००० रुपये होतात, पुरतात. आपल्याच शिक्षणाच्या रकमेचा हिशेब आपण करतो आहोत, हे तिने कोणाला जाणवू दिले नाही.

बुधवारी सकाळी बँक उघडताच दोघांनी सह्या केल्या. साडेअकराच्या आत रक्कम खात्यावर आली. दुपारी शेतकऱ्याचा धनादेश वटला. त्या गृहस्थांना यातले काहीच कळले नाही, आणि अण्णांनी घरात सर्वांना बजावले की कळताही कामा नये.

मराठीत धनादेश ‘वटतो’. हा शब्द सराफी बाजारातला आहे; नाणे वटवणे, हुंडी वटवणे आणि त्याबद्दल द्यावी लागणारी वटणावळ ही त्याच कुळातली. एक रूप जाऊन दुसरे हाती येते, तेव्हा ते वटते. त्या दिवशी पेढीने दिलेली वटणावळ म्हणजे ठेवीवरील कर्जाचे व्याज आणि एक न झोपलेली रात्र.

आता प्रश्न उरला मसाला कारखानदाराचा. दोन दिवस ते दूरध्वनी उचलत नव्हते. थोरल्या मुलाने वकिलांना विचारून सारे टिपून आणले होते. धनादेशाचा अनादर हा १ एप्रिल १९८९ पासून फौजदारी गुन्हा आहे. कायद्यातील कलम १३८ तेव्हा लागू झाले. धनादेश देण्याघेण्यामागे खरे देणे असले पाहिजे, आणि तो आपल्या वैधतेच्या मुदतीत बँकेत भरलेला असला पाहिजे. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. १ एप्रिल २०१२ पासून ती तारखेपासून तीन महिने आहे. बँकेकडून परतीची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत देणेकऱ्याने रक्कम दिली तर गुन्हा होत नाही. न दिल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

“नोटीस आजच पाठवू,” मुलगा म्हणाला.

“तीस दिवस आहेत ना?” अण्णांनी विचारले. “तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. विसरायची नाही. हक्क सोडायचा नाही. पण बावीस वर्षांच्या माणसाला पोस्टमनच्या हातून गाठायचं नाही. आधी मी जाऊन येतो.”

गुरुवारी ते शिरोळकडे गेले. कारखान्याचे जाते बंद होते. मालक त्यांना पाहताच उभे राहिले, पण नजर वर करीनात. पाणी आले, चहा आला. बराच वेळ हळदीच्या दराविषयीच बोलणे झाले. अखेर कारखानदारांनी टेबलाचा खण उघडला आणि एक कागद अण्णांसमोर ठेवला. तीही परतीची चिठ्ठीच होती. पुण्याच्या एका खरेदीदाराकडून आलेला ६,२०,००० रुपयांचा धनादेश परत गेला होता. कारण क्रमांक तोच, ०१.

“अण्णा, खात्यात आलेला दिसला, म्हणून तुमचा लिहिला,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी तो गेला. तुम्हाला काय तोंड दाखवायचं, म्हणून फोन घेतला नाही. चुकलं माझं.”

अण्णा त्या चिठ्ठीकडे पाहत राहिले. मनात राग घेऊन आलेल्या माणसाला आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती. न वटलेल्या धनादेशाच्या भरवशावर त्यांनी धनादेश लिहिला, तसाच तो अण्णांनीही लिहिला होता. सोमवारी दोघांनी एकच चूक केली होती. एकाच्या कपाटात मुदत ठेवीची पावती होती आणि दुसऱ्याच्या नव्हती, एवढ्यावरून एक मनुष्य सचोटीचा ठरला होता आणि दुसरा फौजदारी कलमाच्या दारात उभा होता. ही जाणीव अण्णांना सुखावह वाटली नाही. परंतु तिने त्यांचा स्वर बदलला.

“फोन न उचलणं ही तुमची खरी चूक, शेठ,” ते म्हणाले. “सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी एक शब्द कळवला असता, तर मी माझी व्यवस्था उजेडी केली असती. रात्रीत करावी लागली.”

मग व्यवहाराचे बोलणे झाले, आणि ते पुरेसे स्पष्ट झाले. कारखानदारांनी १,६०,००० रुपये दुसऱ्याच दिवशी थेट पेढीच्या खात्यावर पाठवायचे. उरलेल्या तीन लाखांचे एक-एक लाखाचे तीन धनादेश, एकेका महिन्याच्या अंतराने पुढील तारखा घालून, तिथेच लिहून द्यायचे. पुढच्या तारखेचा धनादेश त्या तारखेआधी बँकेत वटत नाही. तोपर्यंत तो मुदती हुंडीसारखाच असतो. तारीख उजाडली की मात्र तो पुरता धनादेश, आणि कलम १३८ त्यालाही लागू. पहिली रक्कम जमा झाली की परतलेला धनादेश त्यांना परत करायचा, म्हणजे एकाच देण्याचे दोन कागद बाजारात राहणार नाहीत. हे सारे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

निघताना कारखानदारांनी, बहुधा कृतज्ञतेपोटी, धनादेशपुस्तकातील आणखी एक पान फाडले, नुसती सही केली आणि पुढे केले. “हा असू द्या अण्णा, तारण म्हणून. रक्कम तुम्हीच भरा, तुमच्यावर विश्वास आहे.”

अण्णांनी तो घेतला नाही. ते म्हणाले, “विश्वास आहे म्हणूनच रक्कम लिहून द्यावी. कोरा कागद उद्या माझ्या मुलाच्या हाती पडेल, परवा आणखी कुणाच्या. तुमचं-माझं आज काय बोलणं झालं, ते त्या कागदाला ठाऊक नसणार.”

हे बोलताना त्यांना दुसरेच काही आठवत होते. पेढीच्या गल्ल्यात त्यांनी स्वतः सही केलेले चार कोरे धनादेश पडून होते. परगावी जाताना मुलाची अडचण होऊ नये म्हणून ते ठेवून जात, आणि परतल्यावर काढायचे राहून जाई. कोऱ्या सही केलेल्या धनादेशाबाबत कायदा अत्यंत कठोर आहे. तो स्वखुशीने दिलेला असेल आणि नंतर दुसऱ्याने रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. संध्याकाळी घरी येताच अण्णांनी ते चारही कागद काढले, रद्द म्हणून आडवे लिहिले आणि त्यांचे क्रमांक वहीत नोंदवून फाडून टाकले.

ठरल्याप्रमाणे १,६०,००० रुपये आले आणि परतलेला धनादेश कारखानदारांकडे गेला. पहिले दोन धनादेश आपापल्या तारखेला वटले. तिसऱ्याच्या चार दिवस आधी त्यांचा दूरध्वनी आला : “अण्णा, आठ दिवस थांबाल का? खात्यात कमी पडतंय, परत जाईल.” अण्णा थांबले. धनादेश तीन महिने जिवंत असतो. आठ दिवस थांबल्याने काहीच बिघडत नव्हते. नवव्या दिवशी तो वटला. थोरला मुलगा त्या दिवशी म्हणाला, “नोटीस धाडली असती तर पैसे आले असते, पण हा फोन आला नसता.” पुढच्या हंगामातही कारखानदारांनी हळद याच पेढीवरून घेतली, आणि ठेवीवरचे कर्ज केव्हाच फिटले होते.

या प्रसंगानंतर पेढीवर काही नियम झाले, आणि ते नातीने सुवाच्य अक्षरांत लिहून गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवले आहेत. आलेला धनादेश वटल्याखेरीज त्याच्या भरवशावर धनादेश लिहायचा नाही. नाव, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम आणि तारीख पूर्ण लिहूनच सही करायची, आणि सही शेवटी. अक्षरी रकमेनंतर ‘फक्त’ लिहून उरलेली जागा रेघ मारून बंद करायची. खाडाखोड झाली तर दुरुस्तीची सही न करता नवा धनादेश लिहायचा. नव्या व्यवस्थेत नाव वा रकमेतील दुरुस्ती चालतच नाही. पन्नास हजारांवरील प्रत्येक धनादेशाचा तपशील बँकेला आधी कळवायचा. १ जानेवारी २०२१ पासून आलेल्या या ‘पॉझिटिव्ह पे’ सोयीत धनादेश येताच बँक आपण कळवलेल्या क्रमांक, तारीख, नाव व रकमेशी तो ताडून पाहते. बनावट धनादेशाला यामुळे मोठा अटकाव होतो, आणि पाच लाखांपासून पुढे बँका तसे बंधनकारक करू शकतात. शेवटचा नियम अण्णांनी स्वतः सांगितलेला आहे : अडचण दिसली की धनादेशाच्या आधी आपला दूरध्वनी पोहोचला पाहिजे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांची वसुली दिवसभर अखंड चालू लागली आहे. सुरुवातीला सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत आलेल्या धनादेशावर सायंकाळी सातच्या आत बँकेला हो अथवा नाही म्हणावे लागे. म्हणजे अण्णांना मिळाली ती एक रात्रसुद्धा आता मिळणार नाही. ‘आला’ आणि ‘वटला’ यांमधले अंतर काही तासांवर आले आहे. ते नाहीसे झालेले नाही. पैसा वेगाने फिरू लागला की तरतूदही त्याच वेगाने, किंबहुना त्याच्या आधी, व्हावी लागते.

पुढच्या हंगामात मिरज तालुक्यातील ते शेतकरी पुन्हा हळद घेऊन आले. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवले. अक्कांसाठी पेढे आणले. हिशेबपट्टी झाली. अण्णांनी मुलाला खाते पाहायला सांगितले, उत्तर ऐकले आणि मगच धनादेशपुस्तक उघडले. धनादेश हातात घेताना ते गृहस्थ हसून म्हणाले, “अण्णा, तुमचा चेक म्हणजे रोकडच की. बँकेत जायला एखादा दिवस उशीर झाला तरी चिंता नाही.”

अण्णांनी नुसती मान डोलावली. ते गेल्यावर लाल वही उघडून त्यांनी नाव, क्रमांक आणि रक्कम लिहिली. ‘वटला’ हा रकाना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोकळाच ठेवला होता.